गॅरेजमधली राईड

मराठी मंडळाच्या अंकासाठी आजारपणावर लिही, असा फोन आला तेव्हा पाठोपाठ सूचनाही आली. "पॉझिटिव्ह लिही हं वैशाली. वाचणाऱ्याला उमेद यायला पाहिजे." आता घ्या! मला कॅन्सर झाला आणि मी बरी झाले, याहून पॉझिटिव्ह काय लिहू? ते एका ओळीत लिहून झालं. ज्यांना उमेदच हवी आहे त्यांनी इथे थांबावं आणि पुढच्या पानावरची अनारशांची रेसिपी वाचावी.

बाकीच्यांसाठी सांगते. मी मूळची साताऱ्याची, आता अमेरिकेत, अल्फारेटाची. नवरा मिलिंद नागपूरचा, मुलगी ईरा इथलीच, हायस्कूलमध्ये. आयटीतली नोकरी. आणि चाळिशीनंतर लागलेलं एक वेड, माउंटन बाइक. इथून दीड-दोन तासांवर उत्तर जॉर्जियाचे डोंगर सुरू होतात. ओक आणि हिकरीचं दाट रान, मधून जाणाऱ्या खडीच्या आणि मातीच्या वाटा, ओढे, एका चढामागून दुसरा चढ. दर वर्षी पानं रंगली की तिथे एक लांबलचक राईड असते, सकाळी निघालं की दुपार उलटते. त्या वर्षी मी पहिल्यांदा नाव दिलं होतं. मंडळातल्या काकू म्हणायच्या, "या वयात काय गं ही थेरं?" मी म्हणायचे, थेरं करायला हेच वय बरं, गुडघे अजून शाबूत आहेत.

माझी आई मात्र खूश होती. ती साताऱ्यात गुडघे जाईपर्यंत रोज पहाटे अजिंक्यतारा चढायची. चढ म्हणजे काय हे तिला कळायचं. दर रविवारी मी निघण्याआधी तिला व्हिडिओ कॉल करायचे. इथली सकाळ म्हणजे तिथली दिवेलागण. ती विचारायची, "आज कुठला डोंगर? पाणी घेतलंस? जपून जा, आणि पोचलीस की फोन कर. तोवर मी जेवायची थांबते." मी कितीदा सांगितलं की बाई, तू जेवून घे, मला यायला उशीर होतो. तर म्हणायची, "लेक डोंगरात आणि मी भाकरी मोडू? घास उतरत नाही."

पट्टा

हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घासतो. मानेला गाठ लागली तेव्हा मला वाटलं, पट्ट्यानेच झालंय. पट्टा सैल केला. गाठ गेली नाही. मग नवं हेल्मेट घेतलं! डॉक्टरकडे जायचं सोडून मी हेल्मेट बदललं, अशी मी शहाणी.

शेवटी मिलिंदने ओढून नेलं. तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाठवला. इकडे एक पद्धत आहे. रिपोर्ट आधी ॲपवर येतो, डॉक्टरांचा फोन मागाहून. मी इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडत होते. एकेका भेंडीचं टोक मोडून बघत होते आणि फोन वाजला. 'युअर रिझल्ट इज रेडी.' मी तिथेच उघडला. सगळं कळलं नाही, पण लिम्फोमा हा शब्द कळला. शेजारच्या बाईने विचारलं, "कोवळी आहे का हो?" मी म्हटलं, "आहे, घ्या." आणि पाव किलो भेंडी निवडून, काउंटरवर पैसे देऊन, गाडीत येऊन बसले आणि मग बोंबलून रडले.

त्या संध्याकाळी साताऱ्याला दादाला फोन केला. दादा माझा थोरला भाऊ, आई त्याच्याकडेच असायची. तो म्हणाला, "आईला सांगायचं नाही. दोन स्टेंट आहेत, वैशू. धक्का सहन व्हायचा नाही तिला."

"छे छे, सांगायचं कशाला," मी म्हटलं. एका क्षणात म्हटलं. विचारसुद्धा केला नाही. आपल्याकडे विचार करावाच लागत नाही. परदेशातल्या माणसाने घरच्यांना बरं आहे म्हणायचं आणि घरच्यांनी परदेशातल्या माणसाला. दोन्हीकडून सगळं कायम मस्त. माझा बेत सोपा होता. ट्रीटमेंट संपवायची, केस यायला लागले की विमानात बसायचं, आईच्या समोर जाऊन उभं राहायचं आणि हसत सांगायचं, बघ, असं असं झालं होतं, आता ठणठणीत आहे. ती आधी एक धपाटा घालेल, मग रडेल. त्या धपाट्यासाठी मी बरी होणार होते. खरंच सांगते, दुसरं काही डोळ्यांसमोर नव्हतं.

हेल्मेट

केस गेले. विग आणला, पण आईने माझ्या डोक्याला वर्षानुवर्षं तेल चोळलंय, ती काय विगला फसणार? आणि व्हिडिओ बंद ठेवला तर म्हणणार, "तोंड दाखव आधी."

तेव्हा मला ती भन्नाट कल्पना सुचली. हेल्मेट! डोक्यावर हेल्मेट, गेलेल्या भुवयांवर सायकलचा गॉगल, अंगात जर्सी. गॅरेजमध्ये टांगलेल्या सायकलीपाशी स्टूल टाकून बसायचं. "आई, निघतेय गं राईडला." बारीक का झालीस? रोज सायकल मारते ना. दमलेली का दिसतेस? काल चढ फार होता. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. दादा म्हणाला, "तू तर सिनेमात जायला पाहिजेस." आम्ही दोघं हसलो होतो तेव्हा. आठवलं की अंगाची आग होते.

आणि राईडची वर्णनं! जिथे मी पाऊलही टाकलं नव्हतं ते सगळे डोंगर मी आईला चढून दाखवले. ती खोदून खोदून विचारायची आणि मी ठोकून द्यायचे. त्या लांबलचक राईडच्या मोठ्या चढाच्या माथ्यावर एक सपाट काळा खडक आहे, पाटासारखा. तिथे बसून मी चिक्की खाते. खाली ओढ्याचा आवाज येतो. आईला तो खडक फार आवडला. दर रविवारी विचारायची, "बसलीस का गं तुझ्या पाटावर?"

फोन ठेवला की मी हेल्मेट काढून बादलीत ओकायचे. मग अंथरुणात. आणि दुपारी पुन्हा उठून, पुन्हा हेल्मेट घालून, चेहऱ्यावर पाणी मारून सांगायचं, "पोचले गं आई." कारण ती उपाशी बसलेली असायची. मिलिंद दारात उभा राहून बघायचा. एकदा म्हणाला, "अगं, काहून करतेस एवढं? सांगून टाक ना." मी त्याला खाऊ की गिळू केलं.

खुर्चीवरचे दिवस

केमोच्या खुर्चीबद्दल काय लिहू? खुर्ची मऊ असते. औषध थंड आत जातं आणि हात दुखतो. तोंडात पैसे चघळल्यासारखी चव येते. जेवण म्हणजे शिक्षा. मिलिंद मऊ भात आणि मेतकूट करायचा, तेवढं एक पोटात राहायचं. त्याचे त्यासाठी उपकार मानायला पाहिजेत आणि मी मानते. पुढे जे झालं ते धरूनसुद्धा मानते.

एक नर्स होती, डोना. ती गरम केलेलं ब्लँकेट आणून पायांवर टाकायची आणि काहीही बोलायची नाही. यू आर अ फायटर नाही, स्टे स्ट्राँग नाही. नुसतं ब्लँकेट. देव तिचं भलं करो.

कारण बोलणारे बाकीचे होतेच. डबे आले, नाही म्हणत नाही, पण डब्यासोबत अक्कलही आली. एकीने गुळवेल पाठवली, एकीने दृष्ट काढायला मिरच्या. एका काकांनी समजावलं की आजार मनात असतो. मी म्हटलं, काका, माझा मानेत होता. एकीने मैत्रिणीला सांगितलं की बाईच्या जातीने जंगलात सायकली मारल्या की असं होतं. ती मैत्रीण मला सांगायला आली, तेही काळजीपोटीच.

चौथ्या केमोनंतरच्या रविवारी सकाळी मी नेहमीसारखी गॅरेजमध्ये बसले. आईला म्हटलं, निघते. तिने विचारलं, "घाम का आलाय तुला? अजून निघाली नाहीस तर?" मी म्हटलं, "वॉर्मअप केला." तासाभरात ताप चढला. मिलिंदने इमर्जन्सीत नेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपल्यात जमा होत्या आणि त्यात इन्फेक्शन. मला वेगळ्या खोलीत ठेवलं, आत येणारा प्रत्येक जण मास्क आणि गाऊन घालून. ते दिवस मला धड आठवत नाहीत. 'पोचले' म्हणून फोन करायचा राहिला, एवढं मात्र ग्लानीतही टोचत होतं.

आईला रेंज नाही

घरी आले. पुढच्या रविवारी फोन केला तर दादाने उचलला. "आईचा घसा बसलाय, बोलू नको म्हणालेत." मग आईचा मोबाइल दुरुस्तीला. मग आई कोकणात मावशीकडे गेली, तिथे रेंज नाही.

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला कळलं नाही. मला! जी स्वतः गॅरेजमध्ये बसून डोंगर चढत होती! थापेतली प्रत्येक वीट माझ्या ओळखीची होती, आणि तरी मी त्या भिंतीकडे बघून म्हणत होते, काय छान भिंत आहे. खरं सांगू? मला बरंही वाटत होतं. हेल्मेट घालायचा त्रास वाचला. शेवटच्या केमो मी तशाच काढल्या, एकेक खुडून.

एकदाच मी हट्ट धरला. दादाला म्हटलं, काही का असेना, मला आईचा आवाज ऐकव. संध्याकाळी त्याने व्हॉइस मेसेज पाठवला. आईच होती. "वैशू, पोचलीस की फोन कर गं. मी जेवायची थांबलेय." मी मिलिंदला ऐकवला. म्हटलं, बघ, कोकणात जाऊनही हिचं तेच. मिलिंद उठून सिंकपाशी गेला आणि कितीतरी वेळ एकच पातेलं घासत राहिला.

गॅरेज

शेवटची केमो झाली. स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टरांनी टाळी दिली, मंडळाच्या ग्रुपवर फुलांचे आणि हात जोडल्याचे ढीग पडले. डोक्यावर पीचच्या सालीवर असते तेवढी लव आली होती. मी साताऱ्याची तिकिटं बघायला लागले.

त्या रविवारी सकाळी मी शेवटचं हेल्मेट चढवलं. म्हटलं, आज आई मावशीकडे असो नाहीतर मंगळावर, मी तिच्याशी बोलणार. आणि येतेय म्हणून सांगणार. स्टुलावर बसले आणि मावशीचा नंबर शोधायला लागले. तेवढ्यात ईरा दारात आली.

"मॉम, डोन्ट कॉल."

"का गं?"

"जस्ट डोन्ट. प्लीज." आणि एकदम रडायलाच लागली. "आजी इज नॉट देअर. आजी डाइड, मॉम. व्हेन यू वेअर इन द हॉस्पिटल. एव्हरीबडी नोज. बाबा मेड मी प्रॉमिस. आय कान्ट डू धिस एनीमोअर."

मी तिला म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस." तेवढंच म्हटल्याचं आठवतं. आणि पट्टा. पट्ट्याचं बक्कल मला उघडता येईना. ईराने येऊन काढलं.

ज्या पोरीला आम्ही कायम म्हणायचो, हिला आपली माणसं कळत नाहीत, ही इथली आहे, तेवढी एकटी माझ्याशी माणसासारखी वागली.

आपलेच दात

आई झोपेतच गेली होती. मी त्या वेगळ्या खोलीत असताना. तिचं सगळं झालं, दहावं झालं, तेरावं झालं. इकडे मी मिलिंदला म्हणत होते, भाताला आज मीठ कमी आहे.

मिलिंदशी मी भांडले. भांडले कसली, घर डोक्यावर घेतलं. त्याने ऐकून घेतलं आणि मग तोही चिडला. "तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस का नाही सातारला? खरं बोल."

"गेले असते!"

"त्या रक्तावर? विमानात? मेली असतीस, वैशाली. मला दोन मयती नव्हत्या पाहिजे."

"तो निर्णय तुझा नव्हता."

"आईंना न सांगायचा तरी तुझा होता का?"

तोही माझा नव्हता. पण तो खरं बोलला म्हणून राग जातो असं थोडंच आहे? आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? कित्येक आठवडे आम्ही एका घरात पाहुण्यांसारखे राहिलो.

दादा फोनवर एवढंच म्हणत राहिला, "तुझ्या भल्यासाठी, वैशू." वहिनीने मात्र सांगितलं. तो व्हॉइस मेसेज कोकणातून आलेला नव्हता, मावशीकडे आई गेलीच नव्हती. तो त्याच रविवारचा होता, माझ्या तापाच्या. 'पोचले' म्हणून फोन आला नाही तेव्हा आईने दादाच्या मोबाइलवर बोलून ठेवलं, आणि तो आजारी बहिणीला त्रास नको म्हणून त्याने पाठवलाच नाही. जपून ठेवला आणि पुढे मला ताजा म्हणून वाढला. त्या रात्री त्याने आईला सांगितलं, पोचली ती, रेंज नाहीये. आई म्हणाली, "तिच्या तोंडून ऐकते, मग जेवते."

"मग जेवली का?" मी वहिनीला विचारलं.

"दूध घेतलं वाटतं. नक्की नाही आठवत गं."

पुढे दोन दिवसांनी आई गेली. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, हृदय तसंही थकलं होतं. मला माहीत आहे. माहीत असून काय उपयोग?

वहिनीने आणखी एक सांगितलं. आई शेजारणीला अभिमानाने सांगायची, "आमची वैशू तिकडे सायकलवर डोंगर चढते. माथ्यावर तिचा पाटासारखा खडक आहे."

म्हणून आता ज्यांच्या घरी आजार आहे त्यांना सांगते, मंडळाला आवडो न आवडो. सांगा. आजाऱ्याला सांगा, म्हाताऱ्यांना सांगा. म्हातारी माणसं आपल्याला वाटतात तेवढी काचेची नसतात. ज्या बाईने नवऱ्यामागे दोन पोरं वाढवली, गुडघे जाईपर्यंत किल्ला चढला, तिला माझी मानेतली गाठ पेलली नसती? तिने येऊन माझ्या टकलावर हात फिरवला असता. नाहीतर तिथूनच देवाला चार शिव्या घातल्या असत्या. माझ्या वाट्याचं ते होतं आणि मी ते स्वतःच्या हाताने घालवलं. वर त्याला माया म्हटलं.

डोंगर

पुढच्या वर्षी पानं रंगली तेव्हा मी त्या राईडला गेले. कुणाला प्रेरणा द्यायला नाही. आईला जे सांगितलं होतं ते निदान एकदा खरं करावं म्हणून.

मिलिंद गाडीने सोडायला आला. आताशा आम्ही बोलतो, पूर्वीसारखं नाही. "दम लागला तर उतर," तो म्हणाला. "उतरीनच," मी म्हटलं.

उतरलेच. पहिल्याच मोठ्या चढावर उतरून सायकल ढकलत नेली. मागून येणारे "यू ओके?" विचारत पुढे जात होते. मी एकालाही मस्त म्हटलं नाही. म्हटलं, नो, बट गो अहेड. एकदा ओढ्यात पडले, एकदा मुळांवर. रान सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. लाल-पिवळी पानं चाकांखाली वाजत होती, ऊन फांद्यांतून वाटेवर पडलं होतं आणि मला त्या सुंदरपणाचा संताप येत होता. हे सगळं होतंच इथे. मी गॅरेजमध्ये बसून जे रचत होते त्याच्या दसपट चांगलं होतं, आणि आईला मी नकली दाखवलं.

मोठ्या चढाच्या माथ्यावर पोचले. वेड्यासारखा खडक शोधला. सायकल झाडाला टेकवून वाटेच्या दोन्ही बाजूंना हिंडले. खडक नव्हता. असणार कुठून? माती, मुळं आणि पाचोळा. ओढ्याचा आवाजसुद्धा तिथवर येत नव्हता. मी त्या पाचोळ्यातच बसले आणि खिशातली चिक्की तशीच खिशात राहू दिली.

शेवटची उतरण संपवून बाहेर आले तेव्हा गर्दी पांगली होती. सावल्या लांबल्या होत्या, तंबू उतरवायचं काम चाललं होतं. मिलिंद घडीच्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मेतकूट-भात आणला होता. मला बघून उठला. डब्याचं झाकण बंदच होतं.

"तू जेवला नाहीस?" मी विचारलं.

"तू यायची होतीस ना," तो म्हणाला.

मी हेल्मेट काढलं. जर्सीच्या खिशातून फोन काढून दादाने पाठवलेला तो मेसेज लावला. माझ्याकडे आईचा आवाज तेवढाच आहे. खोटा म्हणून आला होता, पण दुसरा नाही. "वैशू, पोचलीस की फोन कर गं. मी जेवायची थांबलेय."

पोचले गं आई. आता जेव.